काविळीवरील वनस्पती : उपयोग आणि मर्यादा

पावसाळा सुरू होऊन महिना-दीड महिना लोटला की अनेक गावांत काविळीचे रुग्ण दिसू लागतात. डोळे पिवळे होतात, लघवी गडद होते, अन्नावरची वासना उडते. आणि घरातील वडीलधारी मंडळी रुग्णाला पाला देणाऱ्याकडे नेतात. हा पाला कोठे भुई आवळ्याचा असतो, कोठे एरंडाचा, कोठे माक्याचा. तर कोठे तो कशाचा आहे हे देणारा सांगतच नाही. सांगितल्यास गुण जातो, अशी समजूत असते. काही दिवसांनी बहुतेक रुग्ण बरे होतात आणि पाल्याची कीर्ती वाढते. एखादा रुग्ण दगावतो, तेव्हा मात्र दोष त्याच्या नशिबाला दिला जातो.

या वनस्पतींत खरोखरच गुण आहे काय, असल्यास तो किती आणि कोणत्या प्रसंगी उपयोगी पडतो, या प्रश्नांचा विचार शेतकऱ्यांनी व ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी करणे दोन कारणांनी अगत्याचे आहे. एक तर काविळीचा रुग्ण सर्वप्रथम त्यांच्याच दृष्टीस पडतो. दुसरे असे की, यांपैकी कित्येक वनस्पती शेतात व बांधावर उगवतात आणि काहींची लागवडही होते. त्यांचे खरे मोल आणि त्यांच्या मर्यादा या दोन्ही गोष्टी ठाऊक असणे हिताचे आहे.

यकृताचे कार्य

यकृत हा पोटातील सर्वांत मोठा अवयव होय. तो उजव्या बाजूस बरगड्यांच्या आड असतो व प्रौढ माणसात त्याचे वजन सुमारे दीड किलो भरते. अन्नातून आलेली साखर साठवून ठेवणे, रक्त गोठण्यास लागणारी द्रव्ये तयार करणे, पित्त निर्माण करणे आणि शरीरात शिरलेली विषे निकामी करणे, अशी अनेक कामे तो अहोरात्र करीत असतो. रक्तातील जुन्या तांबड्या पेशी मोडल्या म्हणजे एक पिवळे द्रव्य तयार होते. निरोगी यकृत ते पित्तावाटे बाहेर टाकते. हे काम अडले की ते द्रव्य रक्तात साचते आणि डोळे व कातडी पिवळी दिसू लागते. यालाच आपण कावीळ म्हणतो.

म्हणजे कावीळ हे रोगाचे लक्षण आहे. तो एकच एक रोग नव्हे. पिकाची पाने पिवळी पडली म्हणजे नत्र कमी पडले, पाणी साचले, मुळे कुजली किंवा विषाणुरोग झाला, यांपैकी काहीही असू शकते. काविळीचेही तसेच आहे. दूषित पाण्यातून येणारे ‘अ’ व ‘ई’ या प्रकारांचे विषाणू, रक्तावाटे किंवा प्रसूतीच्या वेळी आईकडून मुलास लागणारा ‘ब’ प्रकारचा विषाणू, दारू, पित्तनलिकेत अडकलेला खडा, काही औषधांचे अतिसेवन, भातखाचरातील चिखलातून होणारा लेप्टोस्पायरोसिस, या सर्वांत डोळे पिवळे होतात. कारणे इतकी भिन्न असता सर्वांवर एकच पाला लागू पडेल, असे मानणे सयुक्तिक नाही.

पाल्याला यश का मिळते ?

गावात साथीच्या रूपाने येणारी कावीळ बहुधा दूषित पाण्याची असते. १९५५-५६ साली दिल्लीत यमुनेच्या पाण्यात सांडपाणी मिसळले आणि सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. त्या वेळी जपून ठेवलेल्या रक्ताच्या नमुन्यांची पुढे तपासणी झाली, तेव्हा ती साथ ‘ई’ प्रकारच्या विषाणूची असल्याचे निष्पन्न झाले. महाराष्ट्रात २०१२ साली इचलकरंजी येथे याच प्रकारची मोठी साथ आली होती.

‘अ’ व ‘ई’ प्रकारची कावीळ झालेल्या बहुतेक रुग्णांचे शरीर स्वतःच विषाणूवर मात करते आणि काही आठवड्यांत कावीळ उतरते. रुग्णाने पाला घेतला तरी ती उतरते व न घेतला तरी उतरते. औषधाचा खरा गुण ओळखण्यात अडचण आहे ती येथेच.

शेतकऱ्यास ही अडचण समजावून सांगणे कठीण नाही. एखादे नवे खत चांगले आहे किंवा नाही हे पाहावयाचे असेल, तर सबंध शेताला ते घालून भागत नाही. पाऊस चांगला झाला तर पीक खताविनाही चांगले येईल आणि श्रेय मात्र खताला मिळेल. म्हणून एका वाफ्याला खत घालतात व शेजारचा तसाच वाफा बिनखताचा ठेवतात. बियाणे, पाणी व मशागत दोन्हींकडे सारखी ठेवतात आणि मग उत्पन्न मोजतात. औषधाची परीक्षाही अशीच करावी लागते. सारख्या स्थितीतील रुग्णांचे दोन गट करावयाचे, एकास औषध व दुसऱ्यास तशीच दिसणारी निर्गुण पुडी द्यावयाची, आणि कोणास काय दिले हे रुग्णास किंवा तपासणाऱ्यास कळू द्यावयाचे नाही. पाला देणाऱ्याकडे बिनखताचा वाफा नसतो. त्यामुळे त्याचा अनुभव प्रामाणिक असला तरी तो पुरावा ठरत नाही.

प्रयोगशाळेतील परीक्षा

माणसांवर प्रयोग करण्यापूर्वी वनस्पतीच्या अर्काची परीक्षा प्रयोगशाळेत होते. उंदरांना कार्बन टेट्राक्लोराइडसारखे यकृतास मारक द्रव्य किंवा पॅरासिटामोल या तापावरील औषधाची मोठी मात्रा देतात. यकृताच्या पेशी फुटल्या म्हणजे त्यांतील काही द्रव्ये रक्तात उतरतात. त्यांचे प्रमाण मोजले की यकृताला किती इजा झाली हे कळते. काही उंदरांना विषाबरोबर वनस्पतीचा अर्कही देतात व दोन्ही गटांची तुलना करतात. अर्क दिलेल्या उंदरांत इजा कमी आढळली, तर ती वनस्पती ‘यकृतरक्षक’ म्हणून नोंदली जाते. भुई आवळा, कुटकी, किराईत, पुनर्नवा, माका व शरपुंखा म्हणजेच उन्हाळी, या सर्व वनस्पती अशा परीक्षांत उतरल्या आहेत. परंपरेने ज्यांना काविळीवर उपयोगी मानले, त्यांच्यात यकृताशी संबंध असलेले काही द्रव्य आहे, एवढे यावरून निश्चित म्हणता येते.

परंतु या परीक्षेची मर्यादाही ध्यानात घेतली पाहिजे. अशा प्रयोगांत अर्क पुष्कळदा विष देण्याच्या आधीच सुरू केलेला असतो. गावातील रुग्ण मात्र यकृताला इजा झाल्यानंतर येतो. उंदराला दिलेले विष आणि माणसाच्या शरीरात वाढणारा विषाणू या दोन निराळ्या गोष्टी होत. शिवाय प्रयोगातील अर्क मोजून-मापून केलेला असतो. मूठभर पाला वाटून काढलेल्या रसात गुणकारी द्रव्य किती आहे हे कोणासही सांगता येत नाही.

काही प्रमुख वनस्पती

कुटकी : ही हिमालयात सुमारे ३,००० ते ५,००० मीटर उंचीवर वाढणारी वनस्पती आहे. तिची कडू मुळे आयुर्वेदात फार काळापासून वापरली जातात. आरोग्यवर्धिनी या प्रसिद्ध औषधात कुटकीचे प्रमाण मोठे असते. लखनौ येथील केंद्रीय औषधी संशोधन संस्थेने तिच्यातील कार्यकारी द्रव्यांवर दीर्घकाळ काम केले आहे. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका परीक्षेत विषाणुजन्य काविळीच्या १५ रुग्णांना कुटकीचे चूर्ण दोन आठवडे दिले व १८ रुग्णांना निर्गुण पुडी दिली. कुटकी घेणाऱ्यांची कावीळ लवकर उतरल्याचे आढळले. हा निष्कर्ष आशादायक आहे. परंतु ३३ रुग्ण ही संख्या लहान आहे. कुटकी महाराष्ट्राच्या हवामानात येत नाही. अतिकाढणीमुळे ती हिमालयातही दुर्मीळ झाली असून तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत. त्यामुळे बाजारात मिळणारी कुटकी खरी आहे की भेसळीची, हे पाहणे आवश्यक ठरते.

भुई आवळा : खरिपाच्या पिकांत तण म्हणून उगवणारी ही वनस्पती सर्वांच्या परिचयाची आहे. १९८८ साली मद्रास येथील संशोधकांनी ‘ब’ प्रकारचा विषाणू रक्तात बाळगणाऱ्या लोकांना तिचे चूर्ण ३० दिवस दिले. औषध घेणाऱ्या ३७ जणांपैकी शेकडा ५९ जणांच्या रक्तातून विषाणूची खूण नाहीशी झाली. निर्गुण पुडी घेणाऱ्या २३ जणांत हे प्रमाण अवघे शेकडा ४ होते. ही वार्ता जगभर पसरली आणि निरनिराळ्या देशांत हाच प्रयोग करून पाहण्यात आला. परंतु इतरत्र तसे यश मिळाले नाही. २०११ साली अशा अनेक परीक्षांचा एकत्र आढावा घेण्यात आला, तेव्हा भुई आवळ्याने ‘ब’ प्रकारची कावीळ बरी होते असे म्हणण्यास पुरेसा आधार मिळाला नाही. एका ठिकाणी चांगले पिकलेले वाण दुसऱ्या ठिकाणी तसेच पिकेल असे नाही. म्हणूनच वाणाची चाचणी अनेक केंद्रांवर घेतात. औषधाच्या बाबतीतही हाच नियम लागू आहे.

किराईत : यालाच कालमेघ असेही म्हणतात. कोकणात पावसाळ्यात किराईताचा काढा घेण्याची जुनी चाल आहे. त्यातील अत्यंत कडू द्रव्याने, अँड्रोग्राफोलाइडने, प्रयोगशाळेत प्राण्यांच्या यकृताचे रक्षण केल्याचे दिसून आले आहे. गरोदर स्त्रियांना मात्र हा काढा देऊ नये.

पुनर्नवा : हिची मुळे औषधात घेतात. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात असे दिसले की, मे महिन्यात काढलेल्या आणि १ ते ३ सेंटिमीटर जाडीच्या मुळांचा अर्क सर्वांत प्रभावी ठरला. इतर ऋतूंत काढलेल्या किंवा निराळ्या जाडीच्या मुळांचा परिणाम कमी होता. वनस्पती तीच असली तरी काढणीची वेळ चुकल्यास गुण उतरतो, हे यावरून स्पष्ट होते.

ओळख पटवणे प्रथम

औषधी वनस्पतींच्या बाबतीत पुष्कळ नुकसान चुकीच्या ओळखीमुळे होते. ‘भुई आवळा’ या एकाच नावाने दिसण्यात सारख्या अशा अनेक जाती गोळा केल्या जातात. मद्रासच्या प्रयोगात वापरलेल्या जातीचे शास्त्रीय नाव फिलॅन्थस अमारस असे आहे. तिची फळे गुळगुळीत असून बारीक देठावर पानांखाली ओळीने लोंबतात, आणि बियांवर उभ्या रेषा असतात. शेजारीच उगवणाऱ्या फिलॅन्थस युरिनेरिया या जातीची फळे खरबरीत असून फांदीला जवळजवळ चिकटलेली असतात. त्यांच्या बियांवर आडव्या रेषा असतात. भिंगाखाली पाहिल्यास हा फरक सहज दिसतो. खरेदीदाराला माल देण्यापूर्वी नमुन्याचे झाड मुळासकट उपटून कृषी विद्यापीठातील किंवा महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्राच्या जाणकारास दाखवावे.

वनस्पती कोठून काढली यालाही तेवढेच महत्त्व आहे. कापूस, सोयाबीन किंवा भाजीपाल्याच्या शेतात कीटकनाशकाची अथवा तणनाशकाची फवारणी झालेली असते. त्या शेतातील भुई आवळा किंवा माका उपटून रुग्णास देणे म्हणजे आजारी यकृतावर नवे विष लादणे होय. सांडपाण्याच्या नाल्याकाठचा माकाही याच कारणासाठी वर्ज्य समजावा.

लागवड, काढणी व वाळवणी

किराईताची लागवड खरिपात होते. बी अत्यंत बारीक असल्याने मे महिन्यात गादीवाफ्यावर रोपे तयार करतात. बी खोल पडू देऊ नये. वर चाळलेल्या शेणखताचा पातळ थर देऊन झारीने पाणी द्यावे. पाऊस स्थिरावल्यावर महिना-सव्वा महिन्याची रोपे ओळींत सुमारे ३० सेंटिमीटर अंतर ठेवून लावावीत. जमीन निचऱ्याची असावी. पाणी साचणाऱ्या भारी जमिनीत हे पीक टिकत नाही. लागणीनंतरचा पहिला महिना तणे काढणे महत्त्वाचे असते.

लागणीपासून साधारण तीन ते साडेतीन महिन्यांनी फुले येऊ लागताच कापणी करावी, कारण कडू द्रव्य या सुमारास भरपूर असते. ते मुख्यतः पानांत असते. म्हणून पाने गळून काड्या उरेपर्यंत पीक उभे ठेवणे तोट्याचे ठरते. कापलेला माल हवेशीर सावलीत पातळ पसरून वाळवावा व वरचेवर उलटवावा. ओलसर माल पोत्यांत भरल्यास त्याला बुरशी लागते. असा माल खरेदीदार नाकारतो आणि तो नाकारणेच योग्य असते. लागवड करण्यापूर्वी खरेदीदार निश्चित करून घ्यावा. औषधी वनस्पतींची बाजारपेठ धान्याच्या बाजारपेठेसारखी गावोगावी नसते, हे विसरून चालणार नाही.

यकृतास घातक अशा वनस्पती व धान्ये

झाडपाला नैसर्गिक असल्यामुळे तो निरुपद्रवी असतो, ही समजूत चुकीची आहे. घाणेरी खाल्लेल्या गुरांचे यकृत बिघडून त्यांना कावीळ होते व उन्हात कातडी सोलवटते, हे पशुपालकांना ठाऊक आहे. माणसांच्या बाबतीतही अशी उदाहरणे घडली आहेत. कोविडच्या साथीत अनेकांनी गुळवेलीचा काढा रोज घेण्यास सुरुवात केली. २०२१ साली मुंबईतील डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृतास इजा झाल्याचे प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाने या निष्कर्षास हरकत घेतली. गुळवेलीसारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या जातींचा वापर झाला असण्याची शक्यता आहे व योग्य वनस्पती योग्य मात्रेत घेतल्यास ती सुरक्षित आहे, असे मंत्रालयाने म्हटले. वाद काहीही असो, ओळख न पटलेली वेल महिनोन्‌महिने उकळून पिणे धोक्याचे आहे, हा बोध दोन्ही बाजूंतून मिळतो.

धान्यातील विषाचा प्रश्न याहून मोठा आहे. १९७४ साली गुजरातचा पंचमहाल व राजस्थानचा बांसवाडा या लगतच्या जिल्ह्यांत काविळीची साथ पसरली व शंभरावर माणसे दगावली. काढणीच्या वेळी पावसात भिजलेल्या मक्याला बुरशी लागली होती आणि तिने तयार केलेले अफ्लाटॉक्सिन नावाचे विष लोकांच्या पोटात गेले होते. माणसांबरोबर त्यांच्या घरची कुत्रीही मेली. त्याच दशकात त्या वेळच्या मध्य प्रदेशातील सरगुजा जिल्ह्यात बारीक तृणधान्यात खुळखुळ्याच्या जातीचे बी मिसळल्याने लोकांच्या यकृतातील रक्तवाहिन्या बंद झाल्या व अनेकांची पोटे पाण्याने फुगली. मका व भुईमूग नीट वाळवून साठवणे, बुरशीचे दाणे वेगळे काढणे आणि धान्यातील तणाचे बी पाखडून टाकणे, ही कामे कोणत्याही अर्काहून यकृताचे अधिक रक्षण करतात. बुरशीचा दाणा गुरांना व कोंबड्यांनाही घालू नये.

टाळावयाच्या प्रथा

काही ठिकाणी काविळीच्या रुग्णाच्या गळ्यात काड्यांची माळ घालतात. माळ लांबत जाते तशी कावीळ उतरते, असे सांगितले जाते. प्रत्यक्षात ओल्या काड्या वाळून आकसतात, दोऱ्याच्या गाठी सैल होतात आणि माळ लांबते. ती खुंटीला अडकवली तरीही लांबेल. ही प्रथा निदान शरीरास अपाय करीत नाही. देवडांगरीचा रस नाकात घालणे मात्र घातक आहे. नाकातून गळणारे पिवळे पाणी म्हणजे बाहेर पडणारी कावीळ नव्हे. तिखट रसाने नाकाच्या आतील नाजूक त्वचा पोळते, त्यामुळे ते येते. मनगटावर किंवा पोटावर डाग देण्याने यकृतास काडीचाही लाभ होत नाही. उलट जखम चिघळून नवे संकट उभे राहते. उघड्यावरचा उसाचा रस काविळीला उतारा म्हणून पाजतात. परंतु त्यातील अशुद्ध पाण्याचा बर्फ हाच रोगाचा वाहक असू शकतो.

रुग्णाबाबत घ्यावयाची काळजी

डोळे पिवळे दिसताच रुग्णास प्राथमिक आरोग्य केंद्रात नेऊन रक्त तपासून घ्यावे. कारण कळल्यानंतर वैद्याचे औषध घ्यावयाचे असल्यास ते डॉक्टरांना सांगून घ्यावे. पुढील परिस्थितीत पाल्यावर एक दिवसही घालवू नये. रुग्ण गरोदर स्त्री असेल तर ‘ई’ प्रकारची कावीळ शेवटच्या महिन्यांत जिवावर बेतते. रुग्ण असंबद्ध बोलू लागला किंवा सारखा झोपेच्या गुंगीत राहू लागला, हिरड्यांतून रक्त आले, शौच डांबरासारखे काळे झाले, उलट्या थांबेनात किंवा पोट फुगले, तर यकृत निकामी होऊ लागले आहे असे समजावे. चिखलात काम करणाऱ्या माणसाला जोराचा ताप, पोटऱ्यांत वेदना व कावीळ एकत्र आली आणि लघवी कमी झाली, तर तो लेप्टोस्पायरोसिस असू शकतो. त्यावर प्रतिजैविक औषध वेळीच मिळाल्यास गुण येतो. उशीर झाल्यास मूत्रपिंडे निकामी होतात.

काविळीत दारू पूर्ण वर्ज्य करावी. तापासाठी पॅरासिटामोलच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. रुग्णास पचेल तसे घरचे नेहमीचे ताजे अन्न द्यावे. उपाशी ठेवू नये. ‘ब’ प्रकारच्या काविळीविरुद्ध लस उपलब्ध असून ती बालकांच्या नियमित लसीकरणात दिली जाते. पहिली मात्रा जन्मतःच द्यावयाची असते. २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमाखाली ‘ब’ व ‘क’ या प्रकारांची तपासणी आणि उपचार सरकारी केंद्रांत विनामूल्य होतात.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांचे काम

गावात एकाच पंधरवड्यात दोन-तीन घरांत कावीळ दिसली, तर ती साथीची सुरुवात समजून आरोग्य केंद्रास कळवावे. पाण्याच्या नळाला गळती कोठे आहे, ती गटाराजवळून जाते काय, विहिरीच्या काठावर धुणे होते काय, हे पाहावे. विहिरीत व टाकीत टीसीएल पावडर योग्य प्रमाणात पडते याची खात्री करून घ्यावी, आणि साथ ओसरेपर्यंत पाणी उकळून पिण्यास घरोघरी सांगावे.

पाला देणाऱ्या वृद्धाशी वाद घालून फारसे साधत नाही. गावाचा त्याच्यावर विश्वास असतो आणि वनस्पतींची त्याची ओळखही पुष्कळदा चांगली असते. त्याला धोक्याची लक्षणे समजावून द्यावीत, आणि अशी लक्षणे असलेला रुग्ण व प्रत्येक गरोदर स्त्री त्याने स्वतःच दवाखान्यात पाठवावी, अशी विनंती करावी. तो कोणता पाला देतो हे विश्वासात घेऊन विचारावे व त्याचा नमुना जाणकारास दाखवावा. असे झाले तर त्याचे ज्ञान त्याच्याबरोबर लुप्त होणार नाही, आणि त्याच्या दारी आलेला रुग्णही उशीर झाल्यामुळे दगावणार नाही.